घरचा रुमाल

इतिहासाचें वेड हें फार स्वस्त वेड आहे, असा आमचा पुष्कळ वर्षें समज होता. शर्यतीचें वेड मनुष्यास भिकेस लावतें, नाटकाचें वेड घरच्यांस रडवितें. इतिहासाचा नाद ज्याला लागला त्यानें मात्र फार तर चार पुस्तकें विकत घ्यावीं, दहा किल्ले पायांखालीं घालावे, आणि जेवतांना पानिपतावर बोलून घरांतील मंडळींस कंटाळा आणावा, एवढाच काय तो त्याचा उपद्रव. गेल्या दोन वर्षांत आमचा हा समज पार बदलला. या वेडाची किंमत पैशांत द्यावी लागत नाहीं हें खरें. ती दुसऱ्याच नाण्यांत द्यावी लागते. तें नाणें कोणतें, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

आमचें मूळ गांव राणीसावरगांव. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यांतील हें गांव. ज्या गांवाच्या नांवांतच राणी आहे, त्या गांवच्या मुलानें इतिहासाच्या नादीं लागूं नये तर काय करावें? रेणुकादेवीच्या देवळाच्या आवारांत बसून म्हाताऱ्यांच्या तोंडून आम्हीं राणीच्या, दुष्काळाच्या आणि रझाकारांच्या गोष्टी ऐकल्या, त्या शाळेंतल्या कोणत्याहि धड्यापेक्षां आम्हांस अधिक खऱ्या वाटत. १९४८ च्या सप्टेंबरांत हिंदी फौजा निजामाच्या राज्यांत शिरल्या, तेव्हां गांवांत कोण कोठें लपलें होतें, हें सांगणारीं माणसें त्या काळीं हयात होतीं. पुढें मोठें झाल्यावर इतिहासच शिकावयाचा, असा आमचा बेत त्याच आवारांत ठरला होता.

परंतु वडिलांचें मत निराळें होतें. "इतिहासानें गेलेल्यांचें पोट भरतें, राहिलेल्यांचें नाहीं," असें ते म्हणाले, आणि आम्ही इंग्रजी घेऊन पदवीधर झालों. त्याबद्दल त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्या इंग्रजीनेंच आम्हांस प्राध्यापकाची खुर्ची दिली, घर दिलें, मुलांचीं शिक्षणें केलीं. तीस वर्षें आम्ही वर्गांत दुसऱ्यांच्या भाषेंतील कवींचें हृद्गत उलगडून दाखवीत आलों, आणि रात्रीं दिव्याखालीं बखरी वाचीत बसलों. लग्नाच्या बायकोशीं संसार करावा आणि मनांतून दुसरीचेंच चिंतन करावें, असा हा प्रकार होता. आमच्या कुटुंबास ही उपमा आवडणार नाहीं. पण जुन्या पुस्तकांची धूळ झटकतांना तिनेंच ती प्रथम योजिली होती, हेंहि येथें नमूद करून ठेवतों.

आमच्या राणीसावरगांवच्या घरीं माळवदाखालच्या एका कोनाड्यांत दोन रुमाल होते. रुमाल म्हणजे खिशांतला नव्हे. जुन्या दप्तरांचे कागद ज्या चौकोनी फडक्यांत बांधून ठेवतात, तो रुमाल. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आई त्यांस हळदकुंकू वाही, आणि वर्षभर त्यांकडे कोणी ढुंकून पाहात नसे. ते मोडींत लिहिलेले आहेत एवढें आम्हांस ठाऊक होतें. मोडी मात्र ठाऊक नव्हती. त्यांतील एका रुमालाचें काय झालें, हें सांगावयास आम्हांस आजहि शरम वाटते. १९९९ च्या पावसाळ्यांत मागची भिंत खचली आणि कोनाड्यांत पाणी शिरलें. आईनें निरोप पाठविला कीं, एक रुमाल पार भिजला आहे, त्यास वाळवीहि लागली आहे, काय करूं? आम्हीं उत्तर धाडलें, "गंगेंत सोडून दे." आमच्याकडे गोदावरीस गंगाच म्हणतात, आणि जुन्या पोथ्या, जुने देव तिच्यांत सोडण्याची चाल आहे. आईनें तो रुमाल गंगाखेडास नेऊन भक्तिभावानें सोडला.

त्या दिवशीं आमच्या टेबलावर गिबन उघडा होता. १७६४ च्या ऑक्टोबरांत रोमच्या भग्नावशेषांत बसला असतां त्याच्या मनांत त्या शहराच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा असें आलें, १७७६ सालीं त्याचा पहिला भाग निघाला आणि १७८८ सालीं शेवटचा. त्याच्या वाक्यरचनेंतील भारदस्तपणावर आम्ही एक निबंध लिहीत होतों. हजारों कोसांवरील एका साम्राज्याच्या अवशेषांनीं आमचे डोळे पाणावत होते, आणि स्वतःच्या घरचें दप्तर आम्हीं दोन शब्दांत नदींत बुडविलें! दप्तर वाळवीनें खाल्लें असें आम्ही पुढें लोकांस सांगत असूं. वाळवीनें अर्धेंच खाल्लें होतें. उरलेलें आम्हीं खाल्लें.

या महाराष्ट्रांत इतिहासाचें पुष्कळसें काम ज्यांनीं केलें, त्यांचें पोट इतिहासावर नव्हतें, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत आलों आहों. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढें असे बावीस खंड त्यांच्या हातून निघाले. त्यासाठीं त्यांस कोणी वेतन दिलें नाहीं. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तेंहि त्यांच्याच पुढाकारानें. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत आणि उरल्या वेळांत पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद उतरून घेत. सरदेसायांनीं रियासत लिहावयास घेतली ती बडोद्याच्या नोकरींत असतांना. आणि पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवधींत संपादिले, ते नोकरीचें जूं मानेवरून उतरल्यानंतर. आमच्या मराठवाड्यांतले म्हणाल, तर १९१० सालीं निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानचे मुलकी अधिकारी. दौऱ्यावर फिरतां फिरतां ते गोंडी भाषा शिकले, तिचें व्याकरण त्यांनीं लिहिलें, आणि मोगलांच्या फारसी कागदांतील मराठ्यांचा इतिहास मराठी वाचकांच्या ओटींत घातला.

हीं नांवें घेऊन आम्ही स्वतःस त्यांच्या पंगतीस बसवीत आहों, असें कोणी समजूं नये. पाट मांडलेला असूनहि आम्ही तीस वर्षें उभेच राहिलों, हें दाखविण्यापुरतींच तीं घेतलीं. वेळ नव्हता ही सबब त्या कोणासहि सुचली नाहीं. आम्हांस ती दरवर्षीं नव्यानें सुचत असे.

दोन वर्षांपूर्वीं, चोपन्नावें लागल्यावर, आम्ही पुराभिलेख खात्याच्या मोडीच्या वर्गांत जाऊन बसलों. शेजारच्या बाकावर आमचीच एक जुनी विद्यार्थिनी होती. पहिल्या दिवशीं तिनें उठून नमस्कार केला, आणि चौथ्या दिवशीं आमच्या वहींतील चुका दाखविल्या. मोडी ही मोठी मानी लिपी आहे. कागदावर आधीं आडवी रेघ ओढावयाची, आणि मग लेखणी शक्य तों न उचलतां एकापुढें एक अक्षरें त्या रेघेस लटकवीत जावयाचें. दोन शब्दांत अंतर ठेवण्याची चाल नाहीं. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाहीं. वाक्य कोठें संपलें हें अर्थ लागल्यावर कळतें, आणि वाक्य कोठें संपतें हें कळल्याशिवाय अर्थ लागत नाहीं. घरच्या रुमालांतील पहिली ओळ आम्हांस लागली ती एकवीस दिवसांनीं. ती ओळ एका बैलाच्या खरेदीची होती. पण शेक्सपिअर प्रथम कळला तेव्हांहि आम्ही इतके हर्षभरित झालों नव्हतों.

येथवर हें वेड स्वस्तच होतें. पुढें तें महाग झालें, तें असें.

आमच्या मळ्यांत एक विहीर आहे. पायऱ्यांची, दगडी बांधणीची, १९७२ च्या दुष्काळांतहि न आटलेली. आमच्या पणजोबांनीं छप्पन्नाच्या दुष्काळांत गोरगरिबांच्या हातांस काम आणि पोटास अन्न मिळावें म्हणून ती खणविली, ही हकीकत आमच्या घरांत प्रत्येक मुलास अक्षरओळखीच्या आधीं शिकविली जाते. छप्पन्नाचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत् १९५६ चा, इसवी सन १८९९-१९०० चा. दख्खनेंत त्यानें माणसें आणि गुरें सारखींच लोळविलीं. गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या बंधूंच्या मनांत आलें कीं, या विहिरीवर एक दगडी पाटी बसवावी आणि तीवर पणजोबांचें नांव व ही हकीकत कोरावी. दादा घरचे कर्ते. शेती त्यांनींच सांभाळली. ते म्हणाले, "तूं आतां मोडी शिकलास. कागदांतून नेमकें सालबील काढून मजकूर लिहून दे. दगडावर चूक नको." त्यांचें म्हणणें अगदीं योग्य होतें. दगडावर चूक नको!

आम्हीं कागद चाळले, आणि त्या मळ्याचें खरेदीखत सांपडलें. वर उर्दू अक्षरांचा स्टांप, खालीं मोडी मजकूर. सोळा एकर काळी जमीन. किंमतीच्या ठिकाणीं मात्र थोडे रुपये हाली रोख, आणि बाकी जोंधळा बारा मण. जमीन देणाऱ्याचें नांव वाचून आम्ही चमकलों. आमच्या घरांत त्या शेतास 'विहिरीचा मळा' म्हणतात. पण गांवांत जुनीं माणसें त्यास एका आडनांवानें ओळखीत, आणि तें आमचें नव्हे. लहानपणीं त्याचें कारण विचारावें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. तेंच आडनांव या कागदावर होतें.

सन होता १३०९. आम्हीं तो हिजरी धरला. हिजरी १३०९ म्हणजे १८९१-९२. दुष्काळाच्या आठ वर्षें आधींची साधी खरेदी. आमचा जीव खालीं पडला. कोणी जमीन विकली, कोणी घेतली; जोंधळ्यांत घेतली असेल, त्या काळीं व्यवहार तसेहि होत. आम्ही पाटीचा मजकूर लिहावयास बसलों, दोन ओळी लिहिल्याहि. मग उगाच पुन्हां एकदां तारीख पाहिली, आणि महिन्यावर बोट थांबलें. महिना 'बहमन' होता.

हिजरी वर्षांत बहमन नांवाचा महिना नाहीं. तेथें मोहरम आहे, सफर आहे, रमजान आहे. बहमन हा इराणी महिना. आणि आझूर, दै, बहमन असे महिने चालत ते निजामाच्या राज्यांतील फसली सनांत. फसली सनांत पांचशें नव्वद मिळविले म्हणजे इसवी सन येतो. तेराशें नऊ आणि पांचशें नव्वद. ही बेरीज दुसरींतील मूल करील. आम्ही मात्र तिच्यापुढें बराच वेळ बसून राहिलों. १८९९ चा डिसेंबर. पाऊस पडून गेलेला नव्हे, न पडलेला. खरीप गेलेला, रब्बीची आशा सुटलेली. त्या महिन्यांत, घरांत दाणा नसलेल्या एका कुणब्यानें सोळा एकर काळी जमीन बारा मण जोंधळ्यावर आमच्या पणजोबांस लिहून दिली होती.

वाचकांस खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हीं तो महिना पुनःपुन्हां वाचून पाहिला. मोडींत अक्षरें कशींहि लागतात. 'बहमन' चें दुसरें कांहीं होतें का, याची खटपट केली. तीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांस बजावीत आलों कीं, लेखकाच्या तोंडीं आपणांस हवा तो अर्थ घालूं नये. त्या रात्रीं दिव्याखालीं आम्ही तेंच करूं पाहात होतों. कै. राजवाडे गांवोगांव हिंडत, तेव्हां कागदांचे धनी पुष्कळदां दप्तर दाखविण्यास कां कचरत, हें आम्हांस त्या रात्रीं समजलें. एरवीं आम्ही अशा लोकांस अडाणी म्हणत असूं. ते अडाणी नव्हते. आपल्या रुमालांत काय असूं शकतें, हें त्यांस आमच्यापेक्षां बरें ठाऊक होतें.

आणखी एक कागद निघाला. विहिरीच्या कामाचा हिशेब. गडी, दिवस, दिलेला जोंधळा. म्हणजे घरची हकीकत खोटी नव्हती. काम दिलें होतें, आणि दाणाहि दिला होता. मात्र गड्यांच्या त्या यादींत, वरून सातवें, शेत विकणाऱ्याचेंच नांव होतें. जें शेत डिसेंबरांत त्याचें होतें, त्याच शेतांत तो पुढें रोजावर विहीर खणीत होता.

आम्हीं दोन्ही कागद घेऊन गांव गांठलें. दादांनीं सगळें शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग विचारलें, "त्यांनीं चोरी केली का?" आम्ही म्हणालों, "नाहीं." "जोंधळा कमी मापला का?" "तसें कांहीं दिसत नाहीं." "मग? त्या वर्षीं दुसऱ्या कोणीं बारा मण दिले असते?" यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. उठतां उठतां ते म्हणाले, "तूं शहरांत राहतोस. तुला इतिहास पाहिजे. आम्हांस येथें माणसांत राहावयाचें आहे." हें बोलणें आम्हांस लागलें, कारण त्यांत तथ्य होतें. दुसऱ्याच्या पणजोबाविषयीं सत्यनिष्ठ असणें सोपें; आणि आपल्या पणजोबाविषयीं सत्यनिष्ठ होऊन त्याचा त्रास भावावर टाकणें, हेंहि तितकेंच सोपें.

ज्यानें शेत विकलें त्याचा पणतू आमच्याच वर्गांत होता. लहानपणीं त्याच मळ्यांत आम्हीं मिळून चिंचा पाडल्या. पुढें तो एस. टी. त चालक झाला. 'अरे तुरे' चीं माणसें आम्ही. पण आतां तो आम्हांस 'सर' म्हणतो, आणि तें ऐकून आम्हांस दरवेळीं ओशाळल्यासारखें होतें. त्याच्या ओसरीवर बसून, शब्दांची पुष्कळ जुळवाजुळव करून, आम्हीं त्याला कागदांत काय आहे तें सांगितलें. तो रागावेल, रडेल, निदान स्तब्ध होईल, अशी आमची समजूत होती. तो म्हणाला, "हे तर आमच्या घरात समद्यांना ठाऊक हाय, सर. आमची आजी सांगायची. बारा मण जोंधळा, त्यातला अर्धा मण बियाला राखला होता म्हणून. त्याच्यावर पाच जीव जगले, नाहीतर मी कुठून आलो असतो?"

अर्धा मण बियाण्याला राखला होता! शेत गेलेलें, पाऊस नाहीं, आणि बियाणें राखून ठेवलेलें! हें आमच्या कागदांत नव्हतें. ज्या गोष्टीचा शोध लावला म्हणून आम्हीं दोन रात्री झोंप घालविली, ती गोष्ट आमच्या घरापासून दोनशें पावलांवर सव्वाशें वर्षें सांगितली जात होती. आणि आमच्यापेक्षां अधिक पूर्ण सांगितली जात होती. आम्हीं कधीं विचारलें नव्हतें, इतकेंच.

मग त्यानें विचारलें, "त्याचं नाव हाय का त्या कागदावर? लिहिलेलं?" आम्हीं कागद उलगडला आणि नांवावर बोट ठेवलें. मोडी त्यास येत नव्हती. तेव्हां तें नांव त्याच्या दृष्टीनें एक वेलबुट्टीच होतें. पण नांवाच्या पुढें एक लहानसें चित्र होतें. ज्यांस लिहितां येत नसे ते कुणबी सहीच्या जागीं नांगर काढीत; 'निशाणी नांगर' म्हणून कागदोपत्रीं त्याचा उल्लेख येतो. तो नांगर मात्र त्यास वाचतां आला. रुमण्याची रेघ जरा वांकडी गेली होती. तो बराच वेळ त्या नांगराकडे पाहात राहिला, आणि म्हणाला, "ह्याची एक झेरॉक्स द्या, सर. आमच्याकडं त्याचं काहीच नाही."

आम्हीं त्यास झेरॉक्स दिली, आणि दुसऱ्या दिवशीं ही सगळी हकीकत दादांस सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. बियाण्याची गोष्ट मात्र त्यांनीं पुन्हां एकदां सांगावयास लावली. शेतकरी माणूस, त्यांस ती आमच्यापेक्षां अधिक कळली असावी. चार महिन्यांनीं त्यांचा फोन आला. पाथरवट खोळंबला होता. ते म्हणाले, "दगडावर दोन नांवें मावत असतील, तर घाल."

मावलीं. पाटीवर आतां सन आहे, पूर्वीं शेत कोणाचें होतें तें आहे, विहीर कोणीं खणविली तें आहे, आणि खणणाऱ्या गड्यांत शेताचा पूर्वीचा धनी होता हेंहि आहे. दानशूर, परोपकारी, पुण्यश्लोक यांपैकीं एकहि शब्द नाहीं. गांवांत यावर दोन मतें आहेत. आमच्या कुटुंबांत तीन आहेत. एक चुलती आमच्याशीं अद्याप बोलत नाहींत. आरंभीं ज्या नाण्याचा उल्लेख केला तें हेंच.

इतिहासाची आवड असलेलीं माणसें आपल्या समाजांत थोडीं नाहींत. किल्ल्यांवर जाणारीं, पुतळ्यांस हार घालणारीं, जुन्या लढाया पुन्हां लढणारीं माणसें हवीं तितकीं मिळतील. आम्ही स्वतः तीस वर्षें त्यांत होतों. त्या आवडीस कांहीं धोका नाहीं, म्हणून तिच्या हातून फारसें कांहीं होतहि नाहीं. ती हौस ज्या दिवशीं कामास लागते, त्या दिवशीं तिला प्रथम आपल्याच घरच्या कोनाड्यांत हात घालावा लागतो. वाचकांपैकीं ज्यांच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागें, आजीच्या पेटींत असा एखादा रुमाल पडून असेल, त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, तो नदींत सोडूं नका. उघडून पाहा. आणि वाचून झाला, म्हणजे त्या कागदांत ज्याचें नांव आहे त्याच्या ओसरीवर जाऊन, तिकडे तीच गोष्ट कशी सांगतात, हें विचारून या.

आमचा दुसरा रुमाल गंगेंत आहे. त्यांत काय होतें, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं. गंगाखेडच्या पुलावरून जातांना आम्ही हात जोडतों. बरोबरचीं माणसें समजतात, गोदेस नमस्कार केला.